व्हिडिओतला लोगो काढल्यावर पॅच सरकतो, लुकलुकतो, उकळतो: कुठे काय तपासायचं

मागच्या खरिपातलं काम. औसा तालुक्यातल्या एका शिवारात बियाण्याच्या कंपनीसाठी सोयाबीनची फिल्म करत होतो. पीक फुलोऱ्यात, मागे श्रावणाचं आभाळ, मधोमध अप्पा उभे. पेरणी कधी केली, दोन ओळींत अंतर किती ठेवलं, आदल्या साली एकरी उतारा किती आला, माणसाला सगळं तोंडपाठ. एकाच टेकमध्ये बोलून मोकळे झाले. संध्याकाळी लातूरला येऊन फुटेज उघडलं तर अप्पांच्या छातीवर दुसऱ्याच बियाणे कंपनीचा तळहाताएवढा लोगो. आपल्याकडे शेतकऱ्याच्या अंगावरचा टी-शर्ट निम्म्या वेळा कुठल्या तरी मेळाव्यात फुकट मिळालेला असतो, हे मला माहीत नव्हतं असं नाही. त्या उजेडात मोबाईलच्या स्क्रीनवर दिसलं नाही, एवढंच.

बारा सेकंदांचा शॉट, तीसच्या हिशेबाने ३६० फ्रेम. रात्रीत काढून टाकतो म्हणालो आणि तीन दिवस गेले. दुसऱ्या दिवशी कंपनीच्या साहेबांना नमुना पाठवला. त्यांचा फोन आला, "लोगो गेलाय हो, पण अप्पाच्या छातीवर कायतरी हालायलंय की!"

तेव्हापासून लग्नाचे, कोचिंग क्लासच्या जाहिरातीचे, जत्रेचे असे बरेच शॉट साफ केले. तक्रार दर वेळी तीच येते, फक्त वेष बदलून. कधी पॅच, म्हणजे लोगो झाकायला वर बसवलेला तुकडा, सरकतो, कधी लुकलुकतो, कधी पाणी उकळल्यासारखा खदखदतो, आणि कधी काहीच करत नाही पण चिकटवलेला दिसतो. अशा वेळी आपण पहिल्यांदा सॉफ्टवेअर बदलतो. मीही बदललं, दोनदा. तिन्हींत पॅच तसाच सरकला, कारण दुखणं फुटेजमध्ये होतं. म्हणून हे लिहितोय. कुठलं बटण दाबायचं ते यूट्यूबवर सापडेल. कुठली खोड कशामुळे येते, ते तिथं कुणी नीट सांगत नाही.

आधी कॅमेरा थांबतो ती जागा शोधा

पॅच सरकतो म्हणणाऱ्याने पहिल्यांदा एक गोष्ट करायची. शॉटमध्ये कॅमेरा किंवा माणूस हलून मग क्षणभर स्थिर होतो, अशी जागा शोधा. तिथं फ्रेम-फ्रेम पुढे जा. हालचाल थांबल्यावर पॅच आपोआप जागेवर येऊन बसला, तर ट्रॅक, म्हणजे सॉफ्टवेअरने फ्रेमगणिक धरलेली हालचालीची नोंद, बरोबर आहे, वेळ चुकली आहे. हालचाल थांबली तरी पॅच बाजूलाच राहिला, तर ट्रॅक घसरला आहे. या दोन वेगळ्या व्याधी आहेत आणि एकीचा उपाय दुसरीला लागत नाही. मी पहिले दोन दिवस चांगला असलेला ट्रॅक पुन्हा पुन्हा करत बसलो होतो, ते याच्यामुळेच.

वेळ कशी चुकते? मोबाईलवर "तीस फ्रेम" लिहिलेलं असलं तरी बहुतेक मोबाईल फ्रेम ठरावीक अंतराने घेत नाहीत. उजेड कमी झाला, फोन तापला, की अंतर कमीजास्त होतं. याला व्हेरिएबल फ्रेमरेट म्हणतात. नुसतं बघताना काहीही कळत नाही. पण एका सॉफ्टवेअरमध्ये ट्रॅक करून तो दुसऱ्यात नेला की घोटाळा होतो. दोघांनी त्याच फायलीच्या फ्रेम वेगवेगळ्या मोजलेल्या असतात. सुरुवातीला सगळं जुळतं, आणि पुढे पुढे पॅच एक फ्रेम मागे, मग दोन फ्रेम मागे पडत जातो. अप्पा बोलताना हलले की पॅच त्यांच्या मागून धावायचा, अप्पा थांबले की येऊन बसायचा. पंगतीत वाढप्या जसा एक पान मागे राहतो, तसा.

तपासायला मीडियाइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. फाइल त्यात टाकायची आणि फ्रेम रेट मोडसमोर "कॉन्स्टंट" आहे की "व्हेरिएबल" ते बघायचं. व्हेरिएबल असेल तर कामाला हात लावण्याआधी फाइल कॉन्स्टंट करून घ्यायची. शटर एन्कोडर किंवा एफएफएमपेगमधून प्रोरेस किंवा डीएनएक्सएचआर या कमी दाबणाऱ्या फॉरमॅटमध्ये काढलेली बरी. फाइल आठ-दहा पट मोठी होईल, होऊ द्या. हँडब्रेकही कॉन्स्टंट करून देतं, पण पुन्हा एच २६४ मध्ये दाबून देतं, म्हणजे पहिलाच गाळ आणखी गढूळ. आणि तीसचं फुटेज या टप्प्यावर पंचवीस करायला जाऊ नका. मधल्या फ्रेम गळतात आणि ट्रॅकला जे धरून चालायचं तेच तुटतं. पंचवीस हवंच असेल तर ते शेवटी.

मागे पडणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत नेमकं एकाच फ्रेमचं असेल, तर कारण त्याहून साधं असतं. एक सॉफ्टवेअर पहिल्या फ्रेमला शून्य म्हणतं, दुसरं एक. ट्रॅकचा डेटा एक फ्रेम सरकवला की काम झालं. या एका फ्रेमपायी मी एकदा रात्रीचे अकरा वाजवलेत, म्हणून वेगळं सांगितलं.

थांबल्यावरही पॅच परत येत नसेल

मग ट्रॅक घसरलाय. इथं जवळजवळ सगळेजण एकच चूक करतात: लोगोलाच ट्रॅक करतात. लोगो ठळक असतो, म्हणून वाटतं तोच धरायला सोपा. पण तो लहान असतो, त्याच्यावरून हात जातो, घडी पडते, आणि प्लेनर ट्रॅकरला (सपाट पृष्ठभागाची हालचाल धरणाऱ्या साधनाला) तेवढ्याशा तुकड्यावरून पृष्ठभाग किती कलला ते नीट कळत नाही. लोगो ज्या पृष्ठभागावर आहे त्याचा जेवढा मोठा तुकडा धरता येईल तेवढा धरा. भिंतीवर सिमेंटची जाहिरात रंगवलेली असेल तर अख्खी भिंत धरा, विटांचे सांधे आणि उडालेला गिलावा यांच्यासकट. ट्रॅकरला असलीच खरबरीत जागा आवडते. समोरून माणूस, बैल, मोटारसायकल जात असेल तर तिच्याभोवती वेगळा आकार आखून "हे धरू नको" असं सांगावं लागतं. आफ्टर इफेक्ट्ससोबत येणाऱ्या मोचामध्ये त्यासाठी वरच्या थरात दुसरा आकार काढतात. दाविंची रिझॉल्व्हच्या फ्यूजन पानावरच्या प्लेनर ट्रॅकरला तेच मास्क देऊन करता येतं, आणि तो ट्रॅकर फुकटच्या आवृत्तीतही आहे.

ट्रॅक पहिल्या फ्रेमपासूनच सुरू करायचा, असा काही नेम नाही. जिथं लोगो सगळ्यात मोठा, सरळ आणि स्वच्छ दिसतो ती फ्रेम निवडा, तिथून पुढे ट्रॅक करा, मग तिथूनच मागे. पृष्ठभाग लहान आणि कॅमेऱ्याकडे सरळ असेल तर पर्स्पेक्टिव्हची, म्हणजे पृष्ठभाग कलला की आकार तिरपा करण्याची, खूण काढून टाका. सरकणं, फिरणं आणि लहानमोठं होणं एवढंच ट्रॅक करू द्या. ज्याला फार काही दिसत नाही त्याला फार स्वातंत्र्य दिलं की तो मनाचंच सांगतो.

कापड मात्र वेगळा विषय आहे. प्लेनर ट्रॅकर समोरची वस्तू पाटासारखी सपाट आहे असं धरून चालतो. अप्पांनी श्वास घेतला की छाती फुगायची, हात वर केला की काखेपासून घड्या यायच्या, आणि पॅच पाटासारखा ताठ. मोचाच्या पैशांच्या आवृत्तीत पॉवरमेश आहे आणि रिझॉल्व्ह स्टुडिओत सरफेस ट्रॅकर आहे. ही दोन्ही साधनं कापडावर जाळी अंथरून प्रत्येक घडीबरोबर ती वाकवतात. माझ्याकडे त्या दिवशी दोन्ही नव्हती.

पण एक गोष्ट ध्यानात आली आणि तिनेच काम निभावलं. टी-शर्ट गडद हिरवा, छपाई एकाच पिवळ्या रंगाची. मग लोगो झाकायचा कशाला? त्याचा रंगच बदलू. लोगोभोवती सैलसा मास्क टाकला, तो साधारण ट्रॅक केला, आणि मास्कच्या आत क्वालिफायरने फक्त पिवळा रंग पकडून त्याची छटा आणि उजेड शर्टाच्या हिरव्यावर आणून ठेवला. घड्या, सावल्या, श्वास सगळं मूळ फुटेजचंच राहतं, कारण वर काही चिकटवलेलंच नसतं. मास्क दोन-चार पिक्सेल इकडे तिकडे झाला तरी कुणाला दिसत नाही. एका रंगाची छपाई आणि एका रंगाचं कापड असेल तर पहिल्यांदा हाच मार्ग करून बघा. छपाई उन्हात इतकी उजळली असेल की पांढरी फट्ट दिसते, तर हा मार्ग बंद. तिथं घडीची सावली उरलेलीच नसते.

एक अडचण राहतेच. अक्षरांच्या कडेने पिवळी रेघ उरते. ती आपल्या हाताची चूक नसते. मोबाईल आणि बहुतेक कॅमेरे ४:२:० पद्धतीने साठवतात, म्हणजे उजेड प्रत्येक पिक्सेलचा वेगळा, पण रंग चार पिक्सेलांत मिळून एकच. त्यामुळे लोगोचा रंग त्याच्या कडेबाहेर एक-दोन पिक्सेल सांडलेला असतोच. पकडलेला भाग दोन-तीन पिक्सेल बाहेर वाढवा, कड मऊ करा. उरलेल्या रेघेपुरता लहान पॅच लावा.

जेलीसारखं थरथरणं

पॅच जागेवर आहे, पण कॅमेरा हिसका खातो तेव्हा चौकोनाचा तिरपा चौकोन होतो आणि पॅच त्यातून बाहेर डोकावतो. हे रोलिंग शटर. सेन्सर अख्खी फ्रेम एका क्षणी वाचत नाही, वरून खाली ओळीओळीने वाचतो, आणि त्यात साधारण १० ते ३० मिलिसेकंद जातात. तेवढ्यात कॅमेरा हलला तर खालची ओळ वरच्या ओळीपेक्षा सरकलेली येते. वरातीत डीजेच्या गाडीवर उभं राहून केलेले शॉट बघा, गल्लीतल्या पाट्या रबरासारख्या वाकतात. त्यात मोबाईलचं इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलायझेशन चालू असेल तर प्रत्येक फ्रेम आधीच ताणलेली, वळवलेली मिळते. अशा वेळी पर्स्पेक्टिव्हची खूण चालू ठेवावी लागते, म्हणजे वर जे काढा म्हणालो तेच इथं घाला. ज्या शॉटमध्ये पुढे साफसफाई करायची हे माहीत आहे तिथं मोबाईलचं स्टॅबिलायझेशन बंद ठेवून ट्रायपॉड लावलेला बरा.

आपण स्वतः टाइमलाइनवर लावलेलं स्टॅबिलायझेशन तर साफसफाईच्या आधी कधीच नको. माझा क्रम आता ठरलेला आहे: मूळ फुटेज, कॉन्स्टंट करणं, ट्रॅक, पॅच, त्यावर ग्रेन म्हणजे सेन्सरसारखे हलते दाणे, मग स्थिर करणं, मग स्लो मोशन, आणि रंगकाम सगळ्यात शेवटी. स्लो मोशन आधी केलं की सॉफ्टवेअरने कल्पनेने बनवलेल्या मधल्या फ्रेमही साफ कराव्या लागतात. नसत्या कामाचे दुप्पट कष्ट.

वाइड लेन्सचंही एक आहे. पाटी फ्रेमच्या मधून कडेला गेली की सरळ रेघा कमानीसारख्या वाकतात आणि पॅच कोपऱ्यांत सुटतो. लेन्सचा बाक आधी काढायचा, पॅच लावायचा, मग तोच बाक परत घालायचा. गोप्रोच्या वाइड फुटेजला हे सहसा टाळता येत नाही.

लुकलुकणं

इथं श्रावण आडवा आला. अप्पा बोलत असताना ढग सूर्यावरून दोनदा गेला. मोबाईलने आपली अक्कल चालवून एक्स्पोजर दोनदा वरखाली केलं. आणि मी पॅच घेतला होता एका लख्ख उन्हाच्या फ्रेममधून. सावली आली की छातीवर उन्हाचा चौकोन.

उपाय असा की पॅचमधून फक्त पोत घ्यायचा, उजेड घ्यायचा नाही. लोगोच्या भोवतालचं कापड प्रत्येक फ्रेममध्ये खूप धूसर करून लोगोच्या जागेत पसरायचं, म्हणजे त्या त्या क्षणाचा उजेड मिळतो. त्यावर पॅचचे फक्त बारीक धागे, त्याचा स्वतःचा उजेड वजा करून, बसवायचे. मोचाच्या रिमूव्हमध्ये यासाठी इल्युमिनेशनचा पर्याय आहे. आफ्टर इफेक्ट्सचं कंटेंट-अवेअर फिल २०१९ साली आलं, त्यात लाइटिंग करेक्शनची खूण आहे. ती लावायला लोक विसरतात. तिथंच भरण्याच्या पद्धतीत "सरफेस" निवडलं तर सपाट वस्तूवरच्या लोगोसाठी निकाल बरा येतो.

मंगल कार्यालयातलं लुकलुकणं वेगळ्या कारणाने होतं. आपली वीज ५० हर्ट्‌झची, म्हणून साधे दिवे सेकंदाला १०० वेळा उजळतात-मंदावतात. शटर १/५० असेल तर प्रत्येक फ्रेममध्ये पूर्ण दोन ठोके, १/१०० असेल तर एक. १/६० ठेवलं की एक आणि वर थोडा, आणि तो "थोडा" दर फ्रेमला वेगळा पडतो. मोबाईल ऑटोवर असेल तर तो कधी काय निवडेल सांगता येत नाही. त्यातून लाइट जाऊन जनरेटर चालू झाला असेल तर ५० चे कधी ४८, कधी ५२. वधूवरांच्या मागच्या फलकावरचं डेकोरेशनवाल्याचं नाव काढायला सांगतात, आणि त्या फलकावर उजेडाचे पट्टे खाली सरकत असतात. आधी डीफ्लिकर लावा, मग बाकीचं. शूटला असाल तर शटर १/५० ला कुलूपबंद करा, व्हाइट बॅलन्ससुद्धा.

"एआयने एका मिनिटात होतं म्हणे"

होतं, कधी कधी. कधी होतं आणि कधी नाही हे कळलं तर बराच वेळ वाचतो.

व्हिडिओ भरून देणारी ही साधनं पहिल्यांदा आजूबाजूच्या फ्रेममध्ये शोधतात: झाकलेली जागा दुसऱ्या कुठल्या फ्रेममध्ये उघडी दिसते का? दिसली तर तिथले पिक्सेल हालचालीच्या अंदाजाने आणून बसवतात. म्हणून पाटी लावलेला टेम्पो रस्त्यावरून निघून गेला तर मागची भिंत खरीखुरी मिळते, आणि काम खरंच मिनिटात होतं. गंजगोलाईत केलेला एक शॉट असाच सुटला. तिथून सोळा रस्ते फुटतात आणि प्रत्येकावर पाट्याच पाट्या, तरी समोरून जाणाऱ्या एका गाडीवरचं नाव तेवढं घालवायचं होतं. गाडीच उडवली.

टी-शर्टावर छापलेल्या लोगोच्या खाली मात्र काही नाही. बाराही सेकंदांत एका फ्रेममध्येसुद्धा तिथलं कापड उघडं पडत नाही. आणायला काही नाही म्हटल्यावर साधन कल्पनेने भरतं, आणि कल्पना दर काही फ्रेमला थोडी बदलते. तेच ते उकळणं. सेटिंग कितीही बदला, ते पूर्ण जात नाही, कारण सेटिंगचा तो प्रश्नच नाही. इथं एक फ्रेम निवडून फोटोशॉपमध्ये हाताने रंगवायची आणि तीच एक फ्रेम ट्रॅकवर बसवायची. एकच चित्र आहे म्हणून उकळायला काही उरत नाही. कंटेंट-अवेअर फिलमध्येही रेफरन्स फ्रेम बनवायची सोय आहे, ती याच कामाची. उजेड फारच बदलत असेल तर दोन-तीन फ्रेम रंगवा, त्याहून जास्त नको.

हेच उलटं सांगायचं तर, कोपऱ्यातला न हलणारा शिक्का काढायला एफएफएमपेगचं डीलोगो पुरतं. चौकोन कुठे आणि केवढा ते सांगायचं, ते चारी कडांवरून रंग ओढून आत पसरवतं. धुरकट दिसतं, पण तुमच्याच जुन्या लग्नाच्या कॅसेटवर तुमच्याच दुकानाचा जुना शिक्का असेल तर पुष्कळ झालं. दुसऱ्याच्या फुटेजवरचा वाहिनीचा शिक्का काढून द्या म्हणणारे येतात. त्यांना मी हात जोडतो. मालकाची ओळख सांगणारी माहिती जाणूनबुजून काढणं हा कॉपीराइट कायद्यात २०१२ पासून कलम ६५ बी खाली गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. हजार-दीड हजाराच्या कामासाठी कोण जाईल तिकडे.

साहेबांनी मला तेव्हा एक प्रश्न विचारला होता. "अहो, क्रिकेटच्या मॅचमध्ये मैदानावरच्या जाहिराती चालू मॅचमध्ये बदलतात. तुम्हाला एका टी-शर्टाला तीन दिवस?" प्रश्न रास्त होता. तिथं चित्र बघून ट्रॅक करण्यावर सगळं अवलंबून नसतं. कॅमेऱ्याच्या बैठकीत आणि लेन्समध्ये सेन्सर असतात, कॅमेरा किती वळला, किती झूम झाला ते दर फ्रेमला कॉम्प्युटरला कळतं, आणि मैदानाची मापं आधीच भरून ठेवलेली असतात. अमेरिकन फुटबॉलच्या प्रक्षेपणात १९९८ साली मैदानावर पिवळी रेघ दिसू लागली, ती याच तत्त्वावर. खेळाडू रेघेवर उभा राहिला की रेघ त्याच्या पायाखाली जाते, कारण गवताचा रंग कुठला आणि गणवेशाचा कुठला याची यादी आधीच केलेली असते. मैदान श्वास घेत नाही, हात वर करत नाही, आणि कॅमेरा खांबावर बसवलेला असतो. अप्पांच्या छातीची मापं माझ्याकडे नव्हती.

सगळं जमलं, तरी चिकटवल्यासारखं दिसतं

पॅच फार स्वच्छ असतो, हे कारण. भोवतीच्या फुटेजमध्ये सेन्सरचे दाणे हलत असतात, पॅचमध्ये ते गोठलेले असतात. एका फ्रेमवरून घेतलेल्या पॅचचे दाणे आधी काढा, बसवल्यावर नवे हलते दाणे घाला. पडद्यावर दोनशे टक्के मोठं करून निळ्या चॅनलमध्ये तुलना करा, तिथं दाणे सगळ्यात जाड दिसतात. माणूस झटकन वळतो त्या फ्रेममध्ये भोवतालचं सगळं पुसट आणि पॅच तेवढा कोरीव, असंही होतं. तिथं मोशन ब्लर चालू करा.

धूळ हा यातला सगळ्यात वाईट प्रकार. माळेगावच्या खंडोबाच्या जत्रेतला शॉट होता, घोडे पळवत नेताना आणि मागे एका पुढाऱ्याचा फ्लेक्स. फ्लेक्सवर पॅच बसला, घोड्यांचा रोटो केला, म्हणजे फ्रेम-फ्रेम कडा आखून ते वेगळे काढले, आयाळीपर्यंत. पण टापांनी उडालेली धूळ पॅचच्या समोरून जायला हवी होती आणि ती पॅचच्या मागे गेली. धुळीला कड नसते, तिचा मास्क काढता येत नाही. शेवटी शेजारच्या कोऱ्या भिंतीवरची धूळ उचलली. धूळ नसलेली फ्रेम धूळ असलेल्या फ्रेममधून वजा केली आणि जो फरक उरला तो पॅचवर स्क्रीन मोडमध्ये, म्हणजे उजेडात उजेड मिळवून, टाकला. हुबेहूब तीच धूळ नव्हती, पण जत्रेतली धूळ कोण ओळखतं.

रेंडरबद्दल एकच. साफ केलेला शॉट थेट व्हिडिओ म्हणून काढू नका, पीएनजीच्या सलग फ्रेम काढा. उन्हाळ्यात दुपारी लाइट जाते आणि तेव्हा इन्व्हर्टरच्या आधीच कॉम्प्युटर मान टाकतो. व्हिडिओ फाइल अर्धवट राहिली की सगळी वाया, फ्रेम असतील तर २१४ झाल्यात म्हणून २१५ पासून पुढे. आणि मंजुरीला पाठवण्याआधी तो शॉट एकदा व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच पाठवून बघा. साहेब तिथंच बघणार आहेत, आणि तिथली दाबादाबी झाली की मॉनिटरवर न दिसलेला चौकोन कधी कधी उठून दिसतो, विशेषतः सपाट रंगावर. पॅचवर दाणे नीट असतील तर हे बरंच कमी होतं.

अप्पांचा शॉट तिसऱ्या दिवशी पास झाला. मग साहेबांचं नवं टुमणं: जागा मोकळी झालीच आहे तर तिथं आपला लोगो बसवा. तांत्रिकदृष्ट्या कोऱ्या पॅचपेक्षा हे अवघड. कोरा पॅच अर्धा पिक्सेल सरकला तर कडेलाच दिसतो, अक्षरं सरकली तर सगळीकडून दिसतात. मोठा लोगो जुन्याला आपोआप झाकतो, एवढीच काय ती सोय. पण खरी अडचण मला ती वाटली नाही. दुसऱ्याची जाहिरात पुसणं वेगळं, आणि ज्या माणसाने जो शर्ट घातलाच नाही तो त्याला घालून गावभर दाखवणं वेगळं. मी म्हणालो, अप्पांना विचारतो. फोन केला.

अप्पा म्हणाले, "त्या लोकांनी टी-शर्ट तरी दिल्ता. तुमी नुसतंच चिटकवायलात व्हय?"

पुढच्या फेरीला कंपनीचा शर्ट घेऊन गेलो, अप्पांनी तो अंगावर चढवला आणि तेच सगळं पुन्हा एकदा बोलले. बारा सेकंदांचा शॉट दहा मिनिटांत झाला. आता कॅमेऱ्याच्या बॅगेत कोऱ्या रंगाचे तीन शर्ट, एक उपरणं आणि काळी चिकटपट्टी असते. शूट सुरू करण्याआधी टोपी, खिसा, पाण्याची बाटली, ट्रॅक्टरचं बोनेट आणि मागची भिंत, या क्रमाने नजर फिरवतो. शर्ट परत मागायला जीव होत नाही, त्यामुळे दोन महिन्यांनी नवे तीन घ्यावे लागतात.